बिनसाखरेची बिस्किटं

“साखर कुठाय, दादा?” दस्तगीरनं पिशवी उलटी करून झटकली.

ओट्यावर मैद्याची पुडी होती, लोण्याचा डबा होता, खायचा सोडा, इसेन्सची छोटी बाटली आणि चॉकलेटची जाड वडी. एवढंच मी आणलं होतं.

“साखर नाही घालायची,” मी म्हणालो. खिशातून शुगरफ्रीचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. “ही पावडर घाल.”

त्यानं डबा उजेडात धरून फिरवला. “वहिनींसाठी काय?”

“हो.”

“मग त्या कुठायत? घरचं सामान घेऊन तुम्ही एकटे आलाय, असं आज पहिल्यांदा बघतोय.”

“तिला इतका वेळ बसवत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. त्यानं बाकड्याकडं हात केला. “बसा. अजून पाव निघायचाय.”

ही आठ वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत तेव्हा एक रीत होती. शाळांना सुट्ट्या लागल्या की बायका मैदा, तूप, साखर घेऊन दस्तगीर मुलाणीच्या बेकरीवर जायच्या. सामान आपलं, भट्टी त्याची. सकाळचा पाव निघाला की भट्टीची धग उतरते, आणि बिस्किटाला तशी उतरलेली धगच लागते. बायका समोर बसून भाजून घ्यायच्या आणि पत्र्याचे डबे भरून घरी न्यायच्या. माझी बायको मालन यात सगळ्यांच्या पुढं. स्वतःची बिस्किटं झाली तरी उठायची नाही. कुणाचं पीठ सैल झालंय, कुणाचं तूप कमी पडलंय, ते बघत बसायची. दस्तगीर म्हणायचा, “वहिनी, तुमचा पगार सुरू करू का?” ती म्हणायची, “आधी मागचा थकलेला काढ.”

त्या डब्यांतलं एकही बिस्कीट मालननं बावीस वर्षांत खाल्लं नव्हतं. तिला मधुमेह होता आणि पथ्य माझ्या हातात होतं. मी कारखान्यात पॅनमन होतो. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे माझं काम. कामगारांना मिळायची ती सवलतीची साखर घरी आली की मी पोतं तसंच तिच्या बहिणीकडं पोचवायचो. मालनचा भात मी वाटीनं मोजून वाढायचो. पेरूच्या दोन फोडींवर तिसरी कधी दिली नाही. ती चिडायची. “सासूचा जाच संपला आणि तुमचा सुरू झाला,” म्हणायची. पण ऐकायची.

त्या दिवसाच्या नऊ दिवस आधी मिरजेच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं होतं. मालन बाहेर बाकावर बसली होती. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. महिना, फार तर सव्वा महिना. घरी न्या. मला दुसरं काही सुचलं नाही. मी विचारलं, “पथ्य?” ते म्हणाले, “पथ्य आता राहू दे. मागतील ते द्या.”

बाहेर आलो तेव्हा मालननं विचारलं, “काय म्हणाले?”

“गाठ साधी आहे. गोळ्यांनी उतार पडेल. वेळ लागेल जरा.”

“आणि खाण्याचं?”

“पथ्य आहे तसंच.”

तसं सांगायला कारण होतं. आमच्या शेजारी माने मास्तर होते. त्यांनाही मधुमेह. शेवटच्या आजारात त्यांच्यासाठी घरात जिलेबी आली, तेव्हा मालनच मला म्हणाली होती, “संपलं बघा आता. पथ्य सोडलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.” मास्तर चौथ्या दिवशी गेले. म्हणून मिरजेहून आल्यावर मी तिचा भात पूर्वीपेक्षा जास्त काटेकोर मोजायला लागलो. आमच्या मुलीलाही, रोहिणीलाही, काही सांगितलं नाही. ती पुण्याला असते. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो.

आदल्या दिवशी सकाळी मालननं उपमा दोन घासांत सरकवून ठेवला.

“तोंडाला कशाची चवच नाही,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “एक सांगू? हसाल.”

“सांग.”

“मला ते चॉकलेटचं बिस्कीट खायचंय. ओवीसाठी केलं होतं ते.”

ओवी म्हणजे आमची नात. त्याच्या चार वर्षं आधी सुट्टीत आली होती, तेव्हा तिनं हट्ट धरला होता. नानकटाई नको, कुकी पाहिजे, आत चॉकलेटचे तुकडे असलेली. मालननं कॉलनीतल्या एका मुलीकडून कृती लिहून घेतली, विळीवर चॉकलेट चिरलं आणि बेकरीवर जाऊन डबाभर करून आणली.

“डबा उघडला तेव्हा अख्खं घर त्या वासानं भरलं होतं,” मालन म्हणाली. “आणि तुम्ही समोर पेपर घेऊन बसला होता. वाचत नव्हता. माझ्या हाताकडं बघत होता.”

“तुझी साखर तेव्हा तीनशेवर होती.”

“होती. म्हणून तर नाही खाल्लं. पण तो वास डोक्यातून जात नाही बघा. डॉक्टरांना विचारा की, एक चालेल का.”

मी फोन घेऊन अंगणात गेलो. कुणालाच लावला नाही. कानाला धरून थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. “लागत नाही. उद्या विचारतो.”

“विचारा. आणि रोहिणी येऊ का म्हणत होती. ओवीची परीक्षा तोंडावर आहे. तिला मी उद्या सांगते म्हटलंय.”

म्हणून मी हे सामान घेऊन बेकरीत बसलो होतो. तिला बिस्कीट तर द्यायचं होतं. पण साखरेचं दिलं तर तिला कळणार होतं.

पाव निघाला. दस्तगीरनं लोणी आणि पावडर परातीत घेऊन हातानं फेसायला सुरुवात केली.

“ह्यानं बिस्कीट पसरत नाही, दादा,” तो म्हणाला. “ठेवू तसं बसून राहतं. रंगही धरत नाही.”

“माहीत आहे मला. तीस वर्षं साखर माझ्या हाताखालनं गेलीय.”

“मग?”

“कर तू.”

अर्धाच मैदा घेतला त्यानं. म्हणाला, आधी थोडी करून बघू. पत्र्यावर गोळे ठेवून आत सारले आणि लांब फावड्यानं दोनदा पत्रा फिरवला. बाहेर आली तेव्हा ती पांढुरकी होती, फुगलेली, जशी ठेवली तशीच. मध्ये चॉकलेटचे काळे ठिपके. दस्तगीरनं एक मोडून तोंडात टाकलं. चावत राहिला, मग मोरीपाशी जाऊन चूळ भरली.

“रागावू नका. पण हे आजारी माणसाला देऊ नका. मागनं कडू येतंय.”

“तिला साखर चालत नाही.”

“ते मी बावीस वर्षं ऐकतोय. आज तुम्ही असे का बसलाय ते सांगा.”

“कसा बसलोय?”

“माझा बाप दवाखान्यात होता तेव्हा मी बसायचो तसे.”

मी त्याला सांगितलं. मिरजेचं सगळं, जसं झालं तसं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. नऊ दिवसांत मी ते तोंडातून पहिल्यांदा काढत होतो आणि ते एका बेकरीवाल्यासमोर निघालं. त्यानं हात पुसले, कोपऱ्यातल्या पोत्यातून साखर घेतली आणि उरलेलं लोणी परातीत घातलं.

“दस्तगीर, नको.”

“तुमच्याच कारखान्याची आहे,” तो म्हणाला. “तुमच्या हातचीही असेल.”

साखर लोण्यात मुरताना तिचा कर्रकर्र आवाज येत होता. मी उठून त्याला थांबवू शकलो असतो. पण बाकड्यावरच बसून राहिलो. दुसरा पत्रा आत गेला आणि थोड्याच वेळात बेकरीभर वास सुटला. रस्त्यानं जाणारी एक बाई दारात थांबून विचारून गेली, आज काय नवीन. ही बिस्किटं पसरली, तपकिरी झाली, कडेनं खरपूस झाली.

त्यानं दोन पुड्या बांधल्या. “दोन्ही न्या. कुठली द्यायची ते घरापर्यंत ठरवा.”

“आणि नाही ठरलं तर?”

“तर पांढरी द्या,” तो म्हणाला. “वहिनींना सांगा, दस्तगीर तुमच्याशिवाय आंधळाच आहे.”

बेकरी ते घर दहा मिनिटांचा रस्ता. मला तास लागला. पाण्याच्या टाकीखाली कठड्यावर बसलो. कारखान्याची पाळी सुटली, ओळखीची माणसं सायकलवरून गेली, दोघांनी मालनची चौकशी केली. दोघांनाही मी बरी आहे म्हणून सांगितलं. काही ठरलं नाही.

मालन उशीला टेकून बसली होती. “बेकरीत गेला होता? शर्टाला वास येतोय.”

मी स्वयंपाकघरात गेलो, दोन्ही पुड्या ओट्यावर ठेवल्या. पांढऱ्यांतली दोन बिस्किटं बशीत घेतली आणि चहाबरोबर तिच्यापुढं नेली.

तिनं एक उचललं. उलटं करून बूड बघितलं. “पसरली नाहीत ही.”

“शुगरफ्री घातलंय. सकाळी डॉक्टरांना फोन लागला. साखर अजिबात नको म्हणाले. असलं एखादं चालेल.”

“अजिबात नको म्हणाले?”

“हो.”

“पथ्य ठेवाच म्हणाले?”

“ठेवाच म्हणाले. एवढ्यात सोडायचं नाही म्हणाले.”

ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मनासारखं बिस्कीट मिळालं नाही म्हणून.

“अगं, नको असेल तर राहू दे.”

“नको कशाला,” तिनं पदरानं डोळे पुसले. “मला भलतंच वाटत होतं. मिरजेहून आल्यापासून तुम्ही धड बोलत नाही. पहाटे उठून बसून राहता. मला वाटलं, माझं काही खरं नाही. म्हणून म्हटलं, मागून बघू. साखरेचं घेऊन आलात तर समजायचं, आपले माने मास्तर झाले.” ती हसली. “वेडी आहे मी.”

मी बशी तिच्याकडं सरकवली.

ती खायला लागली. चहात बुडवून एक घास, मग कोरडा एक घास. पुरतं संपवलं. मांडीवर पडलेला चुरा बोटानं टिपून घेतला. कित्येक दिवसांत मी तिला काही संपवताना पाहिलं नव्हतं. “सोडा जास्त घातलाय त्यानं,” ती म्हणाली. “सांगा त्याला, लक्ष कुठं होतं म्हणावं.” आणि दुसरं उचललं.

मग ती बोलायला लागली. आवाजही जरा मोकळा झाला होता. दारातल्या मोगऱ्याला आळं करायचं राहिलंय. वरच्या फळीवरच्या बरण्या काढून धुवायच्या आहेत. सुट्टीत ओवीला बेकरीवर न्यायचं, आता ती मोठी झालीय, पीठ मळू दे तिला. मी हं, हं म्हणत होतो. ती एवढी आनंदात होती की मला तिच्याजवळ बसवत नव्हतं.

“फोन द्या इकडं,” ती म्हणाली. “रोहिणीला सांगते, आत्ता धावपळ करू नको. ओवीची परीक्षा होऊ दे. एप्रिल संपताना या आणि चांगलं महिनाभर राहा. तोवर मी हिंडती फिरती होईन.”

फोन माझ्या खिशात होता. मी खिशात हात घातला, फोन धरला आणि तसाच राहिलो.

“द्या की.”

“थांब जरा,” म्हणालो आणि उठलो.

स्वयंपाकघरात दुसऱ्या पुडीच्या कागदावर लोण्याचे डाग उमटले होते. पुडी आता गार झाली होती. मी तिथं किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. आतून तिचा आवाज आला, “काय शोधताय? मी सांगते कुठाय ते.”

मी पुडी नेली आणि तिच्यासमोर गादीवर सोडली. बशी घेतली नाही.

तिनं बघितलं. पातळ, तपकिरी, काळपट कडांची सात-आठ बिस्किटं. वास खोलीभर झाला. तिनं हात लावला नाही.

“ही कुणाची?” तिनं विचारलं. मग तीच म्हणाली, “माने वहिनींकडं द्यायचीत का? दस्तगीरनं त्यांच्यासाठी दिलीत?”

हो म्हणायला फार सोपं होतं. तिनं ते माझ्या तोंडापर्यंत आणून ठेवलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “तुझीच आहेत.”

बाहेर नळावर कुणाची तरी घागर भरून वाहत होती. बराच वेळ कुणी नळ बंद केला नाही.

“साखरेची?”

“हो.”

“डॉक्टर काय म्हणाले? खरं सांगा.”

“मागतील ते द्या म्हणाले.”

“आज सकाळी?”

“नाही. सकाळी फोन केलाच नाही मी. मिरजेला म्हणाले. त्याच दिवशी.”

तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. “नऊ दिवस झाले.”

“हो.”

“आणि किती राहिलेत?”

“महिना म्हणाले होते. सव्वा महिना. त्यातले हे नऊ गेले.”

ती भिंतीकडं वळली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “नऊ दिवस तुम्ही माझा भात मोजलात.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मला भीती वाटली,” मी म्हणालो.

“आणि मला वाटत नव्हती काय? मी एकटीच घाबरत बसले होते तिकडं तोंड करून. तुम्ही एकटेच घाबरत बसला होता इकडं तोंड करून. एका घरात.” तिनं हात पुढं केला. “फोन द्या.”

मी दिला. तिनंच नंबर लावला.

“रोहिणी, ऐक. परीक्षा राहू दे. ओवीला घेऊन ये... नाही, उद्या नको, आजच्या गाडीनं. शाळेचं जावईबापू बघतील... मला काय झालंय ते बाबा सांगतात, थांब.” आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

मी दुसऱ्यांदा सांगितलं. दस्तगीरला सांगताना दोन मिनिटं लागली नव्हती, मुलीला सांगताना शब्दच सापडत नव्हते. रोहिणी रडायला लागली. मध्येच म्हणाली, “बाबा, तुम्ही मला का नाही सांगितलंत?” ती रात्री पोचली. मालन त्यानंतर वीस दिवस होती आणि रोहिणी एक दिवसही हलली नाही. ओवी बिछान्याशेजारी बसून गणितं सोडवायची. जे राहिलं ते तेवढंच. आधीच्या नऊ दिवसांचा मात्र मी कुणालाच हिशेब देऊ शकलो नाही.

फोन ठेवून वळलो तेव्हा मालननं पुडीतलं एक बिस्कीट घेतलं होतं. अर्धं खाऊन झालं होतं. हळू चावत होती, डोळे मिटून. चॉकलेट तिच्या ओठाच्या कोपऱ्याला लागलं होतं.

मी तिच्याजवळ बसलो. “कसं झालंय?”

“चांगलं झालंय. बाहेरनं कुरकुरीत, आतनं मऊ. असंच पाहिजे.”

“मग खा की. अजून घे.”

तिनं उरलेला तुकडा कागदावर ठेवला आणि ओठ पुसले.

“मघाचं जास्त गोड लागलं होतं,” ती म्हणाली.

“त्यात साखर नव्हती, मालन.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.